मोटरहोमसाठी ‘हेवी’ लायसन्स लागतं का? आधी आरसीवरच्या तीन ओळी वाचा

प्रश्न सांगलीतून आला आहे. मिनीबसच्या चेसीवर बांधलेली एक वापरलेली मोटरहोम घ्यायची आहे. वापर घरच्यांपुरता, भाड्याने द्यायची नाही. आरसीवर रिकामं वजन ६,९०० किलो आणि एकूण वजन ९,६०० किलो. चालवणाऱ्याचं वय ५२, कारचं लायसन्स जुनं आहे. एक एजंट म्हणतो, ‘प्रायव्हेट पासिंग आहे, कारचं लायसन्स चालतंय.’ दुसरा म्हणतो, ‘दहा टनाची गाडी आहे, हेवी काढावंच लागणार.’ खरं काय?

दोघंही अर्धं बरोबर सांगताहेत. प्रश्नात जो आकडा दिलेला नाही, नेमकं त्यावरच उत्तर फिरतं. आरसीवर सीट किती आहेत?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२१) मध्ये हलक्या मोटार वाहनाची, म्हणजे आपल्या लायसन्सवर ‘एलएमव्ही’ असं लिहिलेलं असतं त्याची, व्याख्या आहे. मर्यादा ७,५०० किलोची, पण ती दोन वेगवेगळ्या वजनांना लावलेली आहे. गाडी ट्रान्सपोर्ट (साधारणपणे धंद्याच्या वापराची) किंवा ऑम्निबस (म्हणजे काय ते पुढे येतं) असेल तर एकूण वजन, म्हणजे माणसं, सामान, पाणी, डिझेल सगळं धरून कंपनीने ठरवून दिलेली कमाल मर्यादा, ७,५०० च्या आत हवं. गाडी ‘मोटार कार’ असेल तर फक्त रिकामं वजन ७,५०० च्या आत असलं की झालं.

आता मोटरहोम कशात बसते? घरगुती वापराची कॅम्पर व्हॅन केंद्राच्या नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेनुसार नॉन-ट्रान्सपोर्ट गटात आहे. कायद्यातली मोटार कारची व्याख्या अशी, की जे ट्रान्सपोर्ट नाही, ऑम्निबस नाही, ट्रॅक्टर, रोड-रोलर, मोटारसायकल वगैरे काही नाही, ते सगळं मोटार कार. आणि ऑम्निबस म्हणजे ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेण्यासाठी बांधलेली किंवा तशी करून घेतलेली गाडी. म्हणजे आरसीवर ड्रायव्हर धरून ७ सीट असतील तर तुमची मोटरहोम कायद्याच्या भाषेत मोटार कार, तिचं ६,९०० किलो रिकामं वजन बघायचं, आणि एलएमव्हीवर ती चालते. त्याच गाडीत बिल्डरने मागे आणखी एक बाक टाकून ९ सीट पास करून घेतल्या असतील तर ती ऑम्निबस झाली. मग ९,६०० चा आकडा बघायचा, आणि एलएमव्ही पुरत नाही. चेसी तीच, इंजिन तेच, एका बाकाने लायसन्स बदललं.

तेव्हा आरसी किंवा डिजिलॉकरमधली प्रत उघडून तीन ओळी बघा: वाहनाचा वर्ग, आसनसंख्या (ती ड्रायव्हर धरून असते) आणि दोन्ही वजनं. वर्गापुढे ‘कॅम्पर व्हॅन (खासगी वापर)’, ‘ऑम्निबस’ की आणखी काही लिहिलंय, ते अक्षरशः वाचा. गाडी आतून कितीही घरासारखी दिसू दे, कागदावर अजून ‘बस’च असेल तर आतल्या पलंगाला काही अर्थ नाही. जुनी बस किंवा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये आतून मोटरहोम केलेली आणि आरसी तशीच ठेवलेली, अशा गाड्या बाजारात आहेत. कलम ५२ प्रमाणे मूळ बांधणीत असा फेरफार परवानगीशिवाय करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजूर बांधणीची गाडी घेतली तर हा प्रश्नच येत नाही. असा फेरफार आरसीवर चढलेला नसेल तर लायसन्सच्या आधी तो प्रश्न सोडवा, नाहीतर व्यवहारच सोडून द्या.

रिकाम्या वजनाची एक गोम आहे. कायद्यात रिकामं वजन म्हणजे गाडीसोबत नेहमी वापरली जाणारी सगळी साधनसामग्री धरून, फक्त ड्रायव्हर आणि मदतनीस वगळून. पलंग, ओटा, फ्रीज, छतावरचा एसी, टाक्या, इन्व्हर्टर, बॅटऱ्या हे सगळं त्यात येतं. प्रश्नातल्या गाडीला ७,५०० पर्यंत ६०० किलोचीच जागा आहे. आधीच्या मालकाने नोंदणीनंतर जनरेटर, सोलर पॅनेल, जास्तीच्या बॅटऱ्या, बाहेरचं छत असं काय काय वाढवलं असेल तर कागदावर ६,९०० आणि रस्त्यावर सव्वासात टन असू शकतं. व्यवहार करण्याआधी गाडीचा काटा करून घ्या. साखर कारखान्याच्या पट्ट्यात आणि मार्केट यार्डाजवळ वजनकाट्यांना तोटा नाही. डिझेलची टाकी फुल, पाणी भरलेलं, सामान आत, असा एक काटा, आणि पाणी-सामान काढून दुसरा. जमलं तर पुढचा आक्सल आणि मागचा आक्सल वेगवेगळे काट्यावर घ्या. मोटरहोममध्ये पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या बहुतेक मागच्या चाकांच्याही मागे बसवतात. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा आक्सल जास्त भरलेला आणि पुढचं स्टिअरिंग हलकं, ही नेहमीची तक्रार त्यामुळेच. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो, हे विसरू नका.

आता कायद्यातली एक फट. कलम १० मध्ये १९९४ पासून मध्यम-जड असे वेगवेगळे वर्ग राहिले नाहीत, ‘ट्रान्सपोर्ट व्हेइकल’ हा एकच वर्ग आहे. लोक ज्याला हेवी म्हणतात ते म्हणजे लायसन्सवरची ही ट्रान्सपोर्टची नोंद. १२,००० किलोच्या वर एकूण वजन असलेली ऑम्निबस, किंवा १२,००० च्या वर रिकामं वजन असलेली मोटार कार, कलम २(१७) प्रमाणे सरळ जड प्रवासी वाहनात जाते. तिथे वाद नाही. पण ७,५०० ते १२,००० च्या मधली खासगी ऑम्निबस मध्यम प्रवासी वाहनाच्या व्याख्येत नीट बसत नाही, कारण त्या व्याख्येत सार्वजनिक सेवा वाहनं, खासगी सेवा वाहनं आणि शाळेच्या बस आहेत, घरगुती ऑम्निबस नाही. म्हणून कोणी म्हणेल, ‘ट्रान्सपोर्ट नाही, मग ट्रान्सपोर्टची नोंद कशाला?’ वाद घालायला ठीक. पण ती एलएमव्हीतही बसत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या वकिलासमोर ही फट तुमच्या बाजूने वाचली जाईल या भरवशावर घाटात जाऊ नये. ७,५०० ओलांडलं की ट्रान्सपोर्टची नोंद घ्यावी, एवढं साधं ठेवा.

६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात निकाल दिला, तो ‘आता एलएमव्हीवर काहीही चालवा’ असा सांगत फिरवला जातो. तसं नाही. एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेलं ट्रान्सपोर्ट वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही, एवढंच तो सांगतो. त्याच्या वरच्या गाड्यांना काहीही सूट नाही. फोर्स ट्रॅव्हलरच्या चेसीवरची छोटी कॅराव्हॅन या निकालाने सुटते, मोठ्या बसवरची नाही.

चुकीच्या लायसन्सवर सापडलात तर कलम १८१ खाली पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडी दुसऱ्याच्या हातात दिली असेल तर मालकावर कलम १८० वेगळं. पण दंड ही किरकोळ बाब आहे. योग्य लायसन्स नसेल तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळते. समोरच्या जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना न्यायाधिकरण कंपनीकडून आधी पैसे द्यायला लावतं आणि मग तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा कंपनीला देतं. ती रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा मोठी असू शकते.

प्रश्नकर्त्याला माझा सल्ला: ७ सीट असल्या तरी ट्रान्सपोर्टची नोंद करून घ्या. वजन काठावर आहे, आणि दहा टनांच्या गाडीचं प्रशिक्षण तसंही घ्यायलाच हवं.

पण त्याआधी हातातलं लायसन्स जिवंत आहे का ते बघा. २०१९ च्या दुरुस्तीआधी काढलेलं कारचं लायसन्स वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल तोपर्यंतच चालायचं. म्हणजे आज बावन्न वय असलेल्या माणसाचं जुनं लायसन्स पन्नासाव्या वाढदिवसालाच संपलेलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि पाकिटातलं कार्ड वर्षानुवर्षं कोणी वाचत नाही. संपून एक वर्ष झालं असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. ट्रान्सपोर्टचं शिकाऊ लायसन्स मिळायला एलएमव्ही किमान एक वर्ष जुनं आणि वय किमान २० हवं. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, तरी काही जण अजून दाखला मागतात.

दुसरी अडचण जुन्या पुस्तकी लायसन्सची. त्याची नोंद सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर नसेल तर अर्ज पुढेच सरकत नाही. ज्या कार्यालयाने लायसन्स दिलं तिथे जाऊन बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद पोर्टलवर चढवून, घ्यावी लागते. कराडला एमएच-५० सुरू होण्याआधीची तिकडची लायसन्सं साताऱ्याची, म्हणजे एमएच-११ ची आहेत, तेव्हा चौकशी तिथे करावी. सांगलीकरांचं एमएच-१०. आधार आणि लायसन्सवरच्या नावात ‘राव’, ‘बाई’, वडिलांचं नाव यांचा फरक असेल तर तोही आधी दुरुस्त करा.

मग सारथीवर महाराष्ट्र निवडून नव्या वर्गासाठी शिकाऊ लायसन्सचा अर्ज. इथे बरेच जण चुकतात. अर्जदाराकडे आधीचं लायसन्स आहे हा पर्याय निवडून जुना नंबर टाकायचा. ‘नाही’ निवडलंत तर तुमच्या नावाने दुसरीच नोंद तयार होते आणि ती निस्तरायला खेटे पडतात. सरळ ‘वर्ग वाढवणे’ या अर्जावर उडी मारूनही उपयोग नाही, त्यासाठी त्या वर्गाचं शिकाऊ लायसन्स आधी हातात लागतं. सोबत फॉर्म १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. ट्रान्सपोर्टसाठी ते कोणत्याही वयात लागतं. त्यात दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येणं, लाल-हिरवा ओळखणं, रातांधळेपणा, कान हे सगळं येतं. चष्मा चालतो. पन्नाशीनंतर मोतीबिंदूची सुरुवात असेल तर ती इथेच कळलेली बरी. समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपतात ही पहिली खूण.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, आणि मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या चाचणीला बसता येतं. या काळात शेजारी त्या वर्गाचं लायसन्स असलेला शिकवणारा बसलेला हवा, आणि पुढे-मागे ‘एल’ पाटी हवी. गाडीत दुसरं कोणी नसलेलं बरं. सराव म्हणून घरच्यांना मागे बसवून महाबळेश्वर गाठू नका.

ट्रान्सपोर्टला मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं फॉर्म ५, म्हणजे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, लागतं. नियमाने हे प्रशिक्षण किमान तीस दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष स्टिअरिंगवर किमान १५ तास. फॉर्म ५ विकत मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. कारवरून बसच्या चेसीवर जाणाऱ्याने ते तसं घेऊ नये. स्कूल निवडताना फी नंतर विचारा, आधी त्यांची जड गाडी बघा: एअर ब्रेक आहेत का, शिकवणाऱ्याच्या बाजूला वेगळं पेडल आहे का, आणि गाडी कधी रस्त्यावर नेतात की मैदानातच फिरवतात. नुसता छोटा टेम्पो असेल तर दुसरीकडे जा. जास्त नीट शिकायचं असेल तर पुण्यात सीआयआरटी या रस्ते परिवहन संस्थेच्या आवारातल्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा.

सरकारी फी जड नाही: शिकाऊसाठी वर्गाला १५० रुपये, वर्ग वाढवायला ५००, चाचणीला ३००, कार्डाचे २००, वर किरकोळ आकार. एजंटने यापेक्षा किती जास्त सांगितले, ते त्याचे समजा.

चाचणी मोटार वाहन निरीक्षक घेतात. चढावर थांबून गाडी मागे न घसरता उचलणं आणि मर्यादित जागेत डावी-उजवीकडे रिव्हर्स घेणं, या दोन ठिकाणी कारवाले नापास होतात. बसच्या चेसीवर ड्रायव्हर पुढच्या चाकांच्याही पुढे बसलेला असतो. कारच्या सवयीने कोपरा दिसला की स्टिअरिंग फिरवलंत तर मागचं चाक आत कापून फुटपाथवर चढतं. आपण स्वतः कोपऱ्याच्या पुढे गेल्यावर वळायचं. त्याच वेळी गाडीची शेपटी उलट दिशेला बाहेर फेकली जाते, तिचा अंदाज आरशातच घ्यावा लागतो. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा, आणि तीनदा नापास झालात तर साठ दिवस थांबणं. सगळं सुरळीत झालं तर पाच-सहा आठवड्यांत काम होतं. मे महिन्याच्या सहलीसाठी एप्रिलमध्ये धावपळ नको.

एअर ब्रेक समजून घ्या, कारण कारमध्ये तसं काही नसतं. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केली की टाकीत हवा कमी असते आणि बझर ओरडत राहतो. पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा असतो. हवा भरेपर्यंत तो सुटत नाही, म्हणून गाडी जागची हलत नाही. ‘चाकं जाम झाली’ म्हणून मेकॅनिकला फोन करणारे नवे मालक खूप आहेत. इंजिन चालू ठेवून हवेच्या दाबाचे दोन्ही काटे खुणेच्या वर जाईपर्यंत थांबायचं, मग ब्रेक एकदा दाबून धरायचा आणि काटा पडतोय का, कुठे फुस्स आवाज येतोय का ते बघायचं. टाकीखालचा कॉक ओढून पाणी काढून टाकायचं, पावसाळ्यात रोज. ते पाणी साचलं की व्हॉल्व्ह गंजतात. उतारावर ब्रेक सारखा दाबत-सोडत राहिलात तर हवा भरण्यापेक्षा लवकर संपते, आणि ड्रम तापून लायनर पकड सोडतात तो भाग वेगळाच.

इथले घाट या एका कारणासाठी मुद्दाम सांगतो. पाचगणीहून वाईला पसरणी घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपास उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारा) वरूनच चालू करायचा. अर्ध्या घाटात गिअर टाकायला गेलात आणि पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये धावते. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावरचं उताराचं वळण कारमध्ये जाणवत नाही. उंच आणि मागे जड गाडीत ते जाणवतं, तिथे वेग बोगद्यातच उतरवा. कासला यवतेश्वर घाटाने मोठी गाडी नेऊ नये असं माझं मत आहे. समोरून एसटी आली की कोणी मागे घ्यायचं हा प्रश्न उरतो, आणि रिव्हर्स तुम्हालाच घ्यावा लागतो. साताऱ्यात गाडी ठेवून छोट्या गाडीने वर जा. आंबेनळी आणि कुंभार्ली पहिल्या वर्षी टाळलेलेच बरे. छतावरच्या एसीसह गाडीची उंची मोजून ती डॅशबोर्डवर लिहून चिकटवा. झाडाची फांदी आणि रेल्वेखालचा पूल कारवाल्याच्या हिशोबात नसतात.

हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, इस्लामपूर-कराड-तासगाव पट्ट्यात अंधार पडल्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. दहा टनाची गाडी कारच्या अंतरात थांबत नाही. त्या दिवसांत सूर्यास्ताला मुक्काम गाठा.

गाडी पुढे भाड्याने द्यायचा विचार झाला, महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणल्यापासून तो बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे, तर चित्र बदलतं. गाडी ट्रान्सपोर्ट होते, सीट कितीही असोत एकूण वजनच बघितलं जातं, परमिट लागतं, फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, आणि ड्रायव्हरला बॅजही लागतो. ड्रायव्हर ठेवलात तर त्याचं कार्ड फोटोत नको, नंबर टाकून एमपरिवहन या सरकारी ॲपवर स्वतः बघा.

मुलांकडे परदेशात जाऊन मोटरहोम चालवायची असेल तर आपल्याच आरटीओकडून एक हजार रुपयांत एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, पण तो इथल्या लायसन्सइतकाच रुंद असतो. युरोपात साधं कारचं लायसन्स ३,५०० किलोपर्यंतच, न्यूझीलंडमध्ये ६,००० पर्यंत. कॅलिफोर्निया वजनाऐवजी लांबी बघतं, ४० फुटांच्या वर वेगळा वर्ग. बुकिंग करताना गाडीचं एकूण वजन आणि लांबी दोन्ही विचारून घ्या.

नवं कार्ड आलं की त्यावर दोन तारखा दिसतील, एनटी (नॉन-ट्रान्सपोर्ट) आणि टीआर. ट्रान्सपोर्टची, म्हणजे टीआरची, पाच वर्षांचीच असते आणि एनटीच्या आधी संपू शकते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो आणि त्या वेळी फॉर्म १-अ पुन्हा लागतो. विम्याच्या कागदावर टीआरची तारीख पेनाने लिहून ठेवा, म्हणजे दर वर्षी पॉलिसी भरताना ती नजरेखालून जाईल.